चावा पायाला, आजार मेंदूला

कुत्रा चावतो, आठ-दहा दिवसांत जखम भरून येते. दोन महिन्यांनी त्याच जागी मुंग्या येऊ लागतात आणि तोवर घरचे चावा विसरूनही गेलेले असतात. मधल्या काळात रेबीजचा विषाणू गप्प बसलेला नसतो.

कुठल्याही विषाणूला स्वतःच्या बळावर वाढता येत नाही. पेशीत शिरून तिच्याच यंत्रणेकडून तो आपल्या प्रती काढून घेतो. रेबीजचा विषाणू बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा असतो आणि त्याच्या आरएनएमध्ये, म्हणजे जनुकीय माहिती साठवणाऱ्या रेणूत, अवघ्या 5 प्रथिनांची माहिती असते. तेवढ्यावर तो माणसाचा जीव घेतो.

लाळेतून तो स्नायूत उतरतो. त्याच्या पृष्ठभागावरचं प्रथिन मज्जातंतूच्या टोकाला चिकटतं आणि तो आत शिरतो. तंतूच्या टोकाकडून पेशीच्या गाभ्याकडे सामान वाहून नेणारी यंत्रणा आपल्या शरीरात असतेच. तिच्यावर स्वार होऊन तो मज्जारज्जूकडे आणि पुढे मेंदूकडे सरकतो. या वाटेवर तो रक्तात फारसा उतरत नाही, त्यामुळे प्रतिकारशक्तीला त्याचा पत्ताच लागत नाही. चेहऱ्याचा किंवा मानेचा चावा जास्त घातक, कारण तिथून मेंदू जवळ.

मेंदूत पोहोचल्यावर तो पेशींची फारशी नासधूस करत नाही, त्यांचं काम बिघडवतो. पाणी गिळू म्हटलं की घशाचे स्नायू आवळतात, पुढे पुढे पाणी नुसतं पाहिलं तरी. त्याच वेळी विषाणू मज्जातंतूंतूनच लाळग्रंथींत उतरलेला असतो. गिळता येत नाही, तोंडात विषाणूंनी भरलेली लाळ साठते आणि पिसाळलेलं जनावर दिसेल त्याला चावत सुटतं. लक्षणं आणि प्रसार यांची इतकी घट्ट सांगड मला दुसऱ्या कुठल्या आजारात दिसत नाही. लक्षणं दिसू लागल्यावर रुग्ण वाचणं जवळपास अशक्य.

पण त्याची ही संथ चालच आपल्याला वेळ देते. 6 जुलै 1885 रोजी लुई पाश्चर यांच्या देखरेखीखाली 9 वर्षांच्या जोसेफ माइस्टरला कुत्रा चावल्यानंतर लस दिली गेली आणि तो वाचला. लशीमुळे विषाणू मेंदूत पोहोचण्याआधी शरीर प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला निकामी करणारी प्रथिनं, तयार करतं, म्हणून चावल्यावर घेतलेली लसही उपयोगी पडते. प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडाभर तरी जातो. म्हणून रक्त आलेल्या जखमेत तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही देतात.

त्याआधीचं काम घरीच करायचं. विषाणूचं बाहेरचं आवरण स्निग्ध असतं, साबणाने ते फुटतं. वाहत्या पाण्याखाली साबण लावून 15 मिनिटं जखम धुवा. हळद, चुना, मिरचीपूड काहीही भरू नका. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती अजून अनेकांच्या मनात आहे, पण ती जुनी लस केव्हाच बंद झाली; आता चार-पाच डोस दंडात देतात. ‘कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवू, मग बघू’ असं म्हणत थांबू नका. लस त्याच दिवशी सुरू करा. दहा दिवसांनी कुत्रा ठणठणीत असेल तर पुढचे डोस थांबवायचे का, ते डॉक्टर ठरवतील.