दारुडा ते रुग्ण: एका आजाराला ओळख मिळताना

दारूचं व्यसन हा आजार आहे, असं आज कुठल्याही व्यसनमुक्ती केंद्रात पहिल्याच दिवशी सांगतात. वैद्यकशास्त्राला तिथवर यायला शतकाहून अधिक काळ लागला. स्वीडनचे डॉक्टर मॅग्नस हुस यांनी १८४९ मध्ये ‘अल्कोहोलिझम’ हे नाव रूढ केलं. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने दारूच्या रुग्णांना इस्पितळात दाखल करून घ्यावं, असं म्हटलं ते थेट १९५६ मध्ये.

आपल्याकडे पिणाऱ्याकडे डॉक्टरच्या आधी पोलिसाचं लक्ष गेलं. १९३९ मध्ये मुंबईत दारूबंदी आली, पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला. पिणारा म्हणजे गुन्हेगार. फार तर परवानाधारक, आणि तो परवाना ‘आरोग्य राखण्यासाठी’! साठच्या दशकात बंदी सैल झाली, ‘परमिट रूम’च्या पाट्या मात्र राहिल्या. बंदीने काय साधलं यावर वाद होत राहतील. पण जे उघड केलं तर पोलीस आणि अब्रू दोन्ही आड येतात, ते घरं झाकूनच ठेवणार. ‘त्यांना बरं नाहीये’ असं ऑफिसात कळवणारी बायको कैक घरांत होती, आजही आहे.

आजार ओळखायच्या खुणा तशा साध्याच. अमेरिकेतले डॉक्टर जॉन ईविंग यांनी १९८४ मध्ये चार प्रश्न प्रसिद्ध केले: कमी करावी असं वाटलं का, कुणी पिण्यावरून बोललं की राग येतो का, अपराधी वाटतं का, आणि सकाळी उठल्याउठल्या घ्यावी लागते का. हा शेवटचा प्रश्न म्हणजे आपला ‘उतारा’. चहाचा कप दोन्ही हातांनी धरूनही हिंदकळतो, घोट पोटात गेला की हात स्थिरावतो. इथवर पोचलेल्या माणसाने मनाच्या हिय्यावर एका रात्रीत दारू तोडू नये. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. तिथे डॉक्टरच हवा.

उपचार दोन वाटांनी आले. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन पिणाऱ्यांनी एकमेकांना सावरलं. त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही पिणाऱ्यांचीच स्वमदत संघटना उभी राहिली. ‘फक्त आजचा दिवस’ म्हणणाऱ्या तिच्या मीटिंगा आज मराठीतही भरतात. दुसरी वाट औषधांची. डायसल्फिरॅमचा दारूवरचा उपयोग १९४८ च्या सुमारास कोपनहेगनमध्ये पुढे आला. ही गोळी घेऊन प्यायल्यास चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात. म्हणूनच ती भाजीत गुपचूप मिसळणं हा अघोरी खेळ आहे. ‘रुग्णाला न सांगता दारू सोडवा’ छापाच्या जाहिराती यासाठीच संतापजनक वाटतात.

महाराष्ट्रात या सगळ्याला घरचं रूप दिलं ते पुण्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राने. अनिल अवचट यांनी गर्दच्या (ब्राउन शुगरच्या) विळख्यातल्या मुलांवर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी लाखाची देणगी दिली आणि १९८६ मध्ये येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात केंद्र सुरू झालं. ते चालवलं डॉ. अनिता अवचट यांनी. सुरुवात गर्दपासून झाली, पण दारूचे रुग्णही तिथे येऊ लागले. बायकोचा राग, तिची भीती, तिचं थकणं याला उपचारात जागा मिळाली, हे मला मुक्तांगणचं सर्वांत मोठं काम वाटतं.

गोव्यात ‘संगात’ संस्थेने आणखी पुढचं पाऊल टाकलं. प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षित समुपदेशकांनी मोजक्या भेटींत पिणाऱ्यांशी बोलायचं. याचा फायदा होतो, हे २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य कायद्याने दारूशी निगडित विकार मानसिक आजारांच्या व्याख्येत घेतले.

तरी २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कसलाही उपचार मिळाल्याचं दिसलं. दाखल होऊन उपचार घेणारा १८० मध्ये एक. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक २०२२ पासून चालू आहे. त्यावर घरच्यांनी फोन केला तरी चालतो.