वडस की गाठ? पापुद्रा पाहिल्यावर कळतं

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावात वडसाला कुणी आजार मानत नाही. कपाशीच्या वावरात जन्म काढलेल्या माणसाच्या डोळ्यात नाकाकडून बुबुळावर चढलेला मांसाचा तिकोनी पदर असायचाच. आप्पांच्या उजव्या डोळ्यातही तो वीसेक वर्षं होता. मग एका वेचणीच्या हंगामात ते म्हणू लागले, "डोयामा काही तरी खुपस." घरात सगळ्यांचं उत्तर एकच, वडस आहे, दुसरं काय! औषधाच्या दुकानातून लाली घालवणारे थेंब आणले आणि कितीतरी महिने तेच घातले. त्या महिन्यांची हळहळ मला अजून वाटते.

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांवर जातो, म्हणून डोळे बिघडतात असं आपण सर्रास म्हणतो. पण उष्णता वेगळी आणि अतिनील किरण वेगळे. हिवाळ्यातल्या गार दुपारीही ते किरण असतातच. कानाच्या बाजूने तिरपे आलेले किरण बुबुळावरच्या पारदर्शक घुमटातून वळतात आणि नाकाकडच्या काठावर एकवटतात, उन्हात भिंग धरल्यावर कागदावर ठिपका पडतो तसे. नेमक्या त्या काठावर पारपटलाचा, म्हणजे त्या घुमटाचा, वरचा थर आयुष्यभर नवा करत राहणाऱ्या मूळ पेशी असतात. गांधी टोपी डोकं झाकते, पण बाजूने येणारं ऊन अडवत नाही.

वडस त्या काठावरूनच वाढतो, आणि तो कर्करोग नव्हे. पण बुबुळाच्या याच काठावर पृष्ठभागाच्या स्क्वॅमस, म्हणजे चपट्या, पेशींची कर्करोगाच्या वाटेवरची गाठही होते, आणि तिच्यामागेही ऊन हे मोठं कारण आहे. एचआयव्ही असलेल्यांना तिचा धोका जास्त. कधी ती जेलीसारखी दिसते, कधी पांढऱ्या पोपड्यासारखी, कधी तिच्यात नागमोडी रक्तवाहिन्या असतात. कधी मात्र ती जुन्या वडसातच दडून बसते, आणि तेव्हा अनुभवी डॉक्टरांनाही नुसत्या स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या दिव्याच्या यंत्रावर, फसगत होऊ शकते. तुकडा काढून तपासणं हा पक्का उपाय. पण दिसेल त्या प्रत्येक वडसाचा तुकडा काढणार का? आणि काढायचा तर नेमका कुठून?

इथे ओसीटी कामाला येते. ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी असं तिचं लांबलचक नाव. विहिरीत हाक मारली की प्रतिध्वनी किती वेळाने आला यावरून पाणी किती खोल ते कळतं. सोनोग्राफीचंही तत्त्व तेच. ओसीटीत आवाजाऐवजी सौम्य अवरक्त प्रकाश असतो. अडचण अशी की प्रकाश सेकंदाच्या एक अब्जांश भागात 30 सेंटिमीटर जातो. इतका बारीक वेळ थेट मोजणं जमण्यासारखं नाही, म्हणून प्रकाशाचे दोन भाग करतात. एक डोळ्यावर जातो, एक आरशावर. परतल्यावर दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि त्यांच्या लहरींच्या जुळणीवरून कोणता थर किती खोल ते उलगडतं. 1991 मध्ये डेव्हिड हुआंग, जेम्स फुजिमोटो, एरिक स्वॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली. या तिघांना 2023 चा लास्कर हा वैद्यकातला मानाचा पुरस्कार मिळाला. सुई नाही, कापाकापी नाही. हनुवटी टेकवायची आणि समोर बघायचं, एवढंच. मधुमेहींच्या डोळ्याचा आतला पडदा तपासण्यासाठी जी यंत्रं असतात, त्यांतल्या बऱ्याचशांना पुढे वेगळं भिंग जोडलं की डोळ्याचा पृष्ठभागही दिसतो.

आप्पांचं ओसीटीचं चित्र डॉक्टरांनी संगणकाच्या पडद्यावर उघडलं, तेव्हा मला आईच्या कळण्याच्या भाकरीची आठवण झाली. भाकरी फुगली की वर पातळ पापुद्रा सुटतो आणि खाली जाड थर राहतो. डोळ्याच्या पृष्ठभागाचंही तसंच आहे. पारपटलावरचा पापुद्रा जेमतेम 50 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). वडसात तो पातळच राहतो, जाड होतो तो खालचा थर. स्क्वॅमस गाठीत उलटं होतं. पापुद्राच जाडावतो, पांढराशुभ्र चमकतो, आणि निरोगी पापुद्रा जिथे संपतो तिथे एकदम पायरी चढावी तसा उंचावतो. मायामीतल्या एका अभ्यासात सुमारे 140 मायक्रॉन ही जाडी वडस आणि गाठ वेगळी करायला उपयोगी ठरली.

आप्पांच्या चित्रात बहुतेक ठिकाणी पापुद्रा पातळ होता. फक्त वरच्या कोपऱ्यात ती पायरी दिसली. तुकडा तिथूनच काढला, आणि निदान सुरुवातीच्या अवस्थेतल्या गाठीचं आलं. आंधळेपणाने वडसाच्या मधोमध तुकडा काढला असता तर ती कदाचित निसटली असती.

गाठ फार जाड किंवा काळपट असेल तर प्रकाश खालपर्यंत पोचत नाही आणि तळ सावलीत राहतो. किती आत शिरली आहे ते मग चित्रावरून सांगता येत नाही. शिवाय निदानावर शिक्का पॅथॉलॉजीचाच लागतो. ओसीटी कुठे बघायचं ते दाखवते, आणि उपचारात पुन्हा पुन्हा बघू देते. माझ्या मते तिचा सगळ्यात मोठा उपयोग हाच. अशा गाठीवर शस्त्रक्रिया करतात, किंवा इंटरफेरॉन, 5-एफयू, मायटोमायसिन यांसारखे थेंब देतात. थेंबांनी वरून डोळा स्वच्छ दिसू लागला तरी पापुद्र्यात गाठीचा अंश उरलेला असू शकतो. तेव्हा थेंब थांबवायचे की चालू ठेवायचे, हे नुसत्या डोळ्यांनी ठरवणं अवघड.

आप्पांचे थेंब चार महिने चालले. तिसऱ्या महिन्यात आरशात बघून ते म्हणाले, बरा झालो. चित्रात मात्र पायरी होती, खुजी, पण होती. चौथ्या महिन्यात ती रेघ सरळ झाली. गाठ परत येऊ शकते म्हणून डॉक्टरांनी पुढच्या तपासण्यांच्या तारखा लिहून दिल्या. तो कागद आप्पांनी बियाण्याच्या पावत्यांच्या डब्यात जपून ठेवला आहे.