मृद व जलसंधारण जिल्हे, अमेरिकेतील

खाजगी शेतजमिनीवरील माती आणि पाणी राखण्यासाठी राज्यांच्या कायद्यांखाली स्थापन झालेल्या स्थानिक संस्था. अमेरिकेत त्या सुमारे तीन हजार आहेत. बहुतेकांची हद्द कौंटीएवढी, म्हणजे राज्याच्या खालच्या प्रशासकीय विभागाएवढी असते. कारभार पाहणाऱ्या मंडळात स्थानिक शेतकरी व जमीनमालक असतात. ते बरेचदा निवडून आलेले आणि बिनपगारी असतात.

१९३० च्या दशकात अमेरिकेच्या दक्षिणेकडील मैदानांत गवताळ राने नांगरून गहू पेरलेला होता. अवर्षण पडले आणि उघडी माती वाऱ्यावर उडू लागली. एप्रिल १९३५ मध्ये मृदसंधारणाचा कायदा झाला आणि मृदाशास्त्रज्ञ ह्यू हॅमंड बेनेट संघराज्याच्या नव्या मृदसंधारण सेवेचे प्रमुख झाले. सरकारी प्रात्यक्षिके सुरू झाली, पण वॉशिंग्टनच्या माणसाने सांगितले म्हणून कोणी आपली नांगरट बदलत नाही. म्हणून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी फेब्रुवारी १९३७ मध्ये सर्व राज्यपालांना असे स्थानिक जिल्हे स्थापन करण्यासाठीचा एक नमुना कायदा पाठवला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नॉर्थ कॅरोलायनात ब्राउन क्रीक हा पहिला जिल्हा स्थापन झाला. तो बेनेट यांच्याच ॲन्सन कौंटीतला.

कामाची रीत साधी आहे. शेतात घळ पडू लागली की शेतकरी जिल्ह्याच्या कार्यालयात जातो. तंत्रज्ञ येऊन उतार मोजतो, समपातळी रेषा (उताराला आडव्या, सारख्या उंचीवरच्या रेषा) आखून देतो आणि पाणी जिथून वाहते तो पट्टा न नांगरता गवताखाली ठेवायला सांगतो. खर्चाचा काही भाग संघराज्याच्या किंवा राज्याच्या अनुदानातून मिळतो. न नांगरता पेरणी करणारे यंत्र अनेक जिल्हे भाड्याने देतात. एरवी ते एकट्यादुकट्याला परवडत नाही. पाण्याचे काम मातीच्या कामाला जोडूनच येते, कारण वाहून गेलेल्या गाळाबरोबर स्फुरदही (फॉस्फरस) ओढ्यात उतरते. त्यासाठी काठाने झाडा-गवताचे पट्टे राखतात, ओढ्याला कुंपण घालून गुरांना दुसरीकडे हौद बांधून देतात.

हे सारे ऐच्छिक. न ऐकणाऱ्या शेजाऱ्यावर सक्ती करायला मंडळे सहसा धजत नाहीत, आणि निधीही जागोजागी कमी-अधिक असतो. नेब्रास्काने मात्र वेगळी वाट धरली. तिथे १९७२ पासून नदीखोऱ्यांप्रमाणे आखलेले नैसर्गिक संसाधन जिल्हे आहेत. आज ते २३ आहेत. त्यांना मालमत्ता कर बसवता येतो, भूजलाचा उपसाही आवरता येतो. रिपब्लिकन नदीच्या खोऱ्यात सिंचनविहिरींना मीटर बसले आहेत आणि शेतकऱ्याला वाट्याला आलेल्या पाण्यातच पीक काढावे लागते.