मोतीबिंदू फोडणं सोपं, पाणी सांभाळणं अवघड

‘लेझरने मोतीबिंदू, विनाटाका’ अशा पाट्या आता तालुक्याच्या गावीही दिसतात. त्यातल्या बहुतेक ठिकाणी लेझरचा काडीचाही संबंध नसतो. मोतीबिंदू निघतो तो अल्ट्रासाउंडने. पद्धतीचं नाव फेकोइमल्सिफिकेशन, डॉक्टरमंडळी नुसतं ‘फेको’ म्हणतात. फेम्टोसेकंद लेझर मोजक्या रुग्णालयांत खरोखर असतं, पण त्याचं काम मुख्यतः भिंगाच्या पिशवीचा पुढचा पडदा गोल कापणं आणि आतल्या गढूळ भिंगाला चिरा पाडणं. तुकडे बाहेर काढायला पुन्हा फेकोचीच सुई लागते.

न्यूयॉर्कच्या डॉ. चार्ल्स केल्मन यांना ही कल्पना सुचली ती दातांच्या डॉक्टरकडे, कीटण काढणारं अल्ट्रासाउंडचं यंत्र बघून. १९६७ साली त्यांनी पद्धत मांडली. तोवर भिंग अख्खं काढायला १०-१२ मिलिमीटरची चीर घ्यावी लागे आणि नंतर डोकं न हलवता दिवसचे दिवस पडून राहावं लागे. आज चीर असते २.२ ते २.८ मिलिमीटर.

हँडपीसमध्ये, म्हणजे सर्जन हातात धरतो त्या दांड्यात, वीज मिळताच आकार बदलणारे स्फटिक असतात. त्यांच्यामुळे टायटॅनियमची पोकळ सुई सेकंदाला सुमारे ४०,००० वेळा पुढेमागे होते, जास्तीत जास्त मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी. बारावीतलं सरल आवर्त गतीचं सूत्र लावून बघा: टोकाचा कमाल वेग ताशी ४५ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे फार नाही, पण त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे तीन लाख पट! कडक झालेल्या भिंगाचा चुरा होतो तो या हादऱ्याने. सुईभोवती सिलिकॉनची नळी असते. तिच्यातून सलाइन आत येतं, सुई थंड ठेवतं, आणि चुऱ्यासकट सुईच्या पोकळीतून बाहेर ओढलं जातं.

इथवर सगळं सोपं आहे. यंत्र बनवणाऱ्यांची खरी कसोटी पुढे लागते.

सुईचा प्रत्येक ठोका तुकड्याला दूरही ढकलतो. म्हणून पंपाने ओढ निर्माण करून तो टोकाशी धरून ठेवावा लागतो. तुकड्याने तोंड बंद केलं की नळीतली ओढ वाढत जाते, ३००-४०० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत, म्हणजे जवळजवळ अर्धं वातावरण. नळीच्या भिंती किंचित आत दबतात. मग तुकडा फुटतो आणि सुटतो. शहाळ्याचं पाणी पिताना स्ट्रॉमध्ये मलई अडकते, आपण जोर लावतो आणि ती सुटताच घशात एकदम लोंढा येतो, तसंच. दबलेली नळी पूर्ववत होताना डोळ्यातलं पाणी झटक्यात खेचते. याला ‘सर्ज’ म्हणतात. डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात पाणी असतं किती? सुमारे पाव मिलिलिटर. त्यातलं थोडं जरी अचानक गेलं तरी कप्पा बसतो आणि भिंगाच्या पिशवीचा मागचा पडदा उसळून सुईकडे येतो. हा पडदा मध्यभागी जेमतेम ४ मायक्रॉन जाड. तांबड्या रक्तपेशीचा व्यासही याहून मोठा. तो फाटला तर भिंगाचे तुकडे मागच्या जेलीत बुडू शकतात, आणि नवं कृत्रिम भिंग बसवायचा आधारही डळमळतो.

मग नळी कडकच का करू नये? करतात, पण रोलर फिरवून पाणी ओढणाऱ्या पंपात नळीचा तेवढा भाग मऊच लागतो, आणि सगळी नळी ताठ केली तर सर्जनचा हात अवघडतो. दुसरा उपाय म्हणजे सुईची पोकळी अरुंद करणं. नळीतला प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो: त्रिज्या निम्मी केली की त्याच दाबाला प्रवाह सोळावा हिस्सा. लोंढ्याला लगाम बसतो खरा, पण अरुंद पोकळीत तुकडे अडकतात. म्हणून काही सुया तोंडाशी रुंद आणि मागे निमुळत्या करतात, काहींना बाजूला बारीक भोक ठेवतात. तोंड बंद झालं तरी त्या भोकातून थोडं पाणी वाहत राहतं आणि ओढ बेसुमार वाढत नाही. एवढ्याशा भोकासाठी कुणीतरी डोकं खाजवलं असेल याचं मला फार कौतुक वाटतं.

‘मोतीबिंदू पिकू द्या’ हा सल्ला अजून घरोघरी ऐकू येतो. फेकोच्या काळात तो उलटा आहे. भिंग जितकं कडक, तितका अल्ट्रासाउंड जास्त, आणि त्याचा मार बसतो कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या, आतल्या पेशींना, ज्या मोठ्या माणसात पुन्हा तयार होत नाहीत. मध आणि कांद्याचा रस डोळ्यात घालून मोतीबिंदू विरघळत नाही, डोळा मात्र लाल होतो.

फारच कडक, तपकिरी झालेल्या मोतीबिंदूला अनेक सर्जन आजही फेकोची सुई लावत नाहीत. ६-७ मिलिमीटरचा, आपोआप मिटणारा तिरका बोगदा करून भिंगाचा गाभा अख्खाच बाहेर काढतात. आपल्याकडच्या नेत्रशिबिरांत ही पद्धत भरपूर चालते. तिला लागणारी हत्यारं साधी आणि स्वस्त असतात, आणि सर्जचा प्रश्नच येत नाही.