थायलंडला निघण्यापूर्वी: कलम ११२ आणि तुमचा मोबाइल

नमस्कार.

थायलंडची सहल नोंदवलेल्या प्रत्येक कुटुंबाला आम्ही तिकिटं आणि हॉटेलच्या व्हाउचरसोबत हे पत्रक देतो. चलन, सिमकार्ड, जेवण, कपडे यांची माहिती वेगळ्या कागदावर आहे. इथे विषय एकच आहे: थायलंडच्या राजाबद्दल सोशल मीडियावर काही लिहिणं, पुढे पाठवणं किंवा त्यावर हसणं. विमानतळावर घाईत वाचू नका. घरी बसून सगळ्यांनी एकदा नीट वाचा, कॉलेजात जाणाऱ्या मुलांनी तर नक्कीच.

थायलंडच्या दंडसंहितेतलं ११२ वं कलम सांगतं की राजा, राणी, युवराज किंवा राजप्रतिनिधी यांची बदनामी केली, अपमान केला किंवा त्यांना धमकी दिली, तर किमान ३ आणि कमाल १५ वर्षं कैद. दंड भरून सुटायची सोय नाही. शिवाय ही शिक्षा एका कृत्याची आहे. दहा पोस्ट असतील तर दहा गुन्हे धरले जाऊ शकतात आणि वर्षांची बेरीज होते. १९७६ पर्यंत कमाल शिक्षा ७ वर्षांची होती. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये लष्कराने सत्ता हाती घेतली आणि त्यानंतर ती वाढवण्यात आली. मजकूर इंटरनेटवर असेल तर २००७ चा संगणक गुन्हे कायदाही लावला जातो.

तक्रार राजघराण्याकडूनच यावी लागते असं नाही. रस्त्यावरचा कोणीही माणूस पोलिस ठाण्यात जाऊन ती देऊ शकतो, आणि अशी तक्रार बाजूला ठेवणं पोलिसांनाही जड जातं. ‘मी लिहिलं ते खरं होतं’ हा बचाव या कलमाखाली चालत नाही. जामीनही बऱ्याचदा नाकारला जातो.

‘अपमान’ कशाला म्हणायचं, याची कायद्यात स्पष्ट व्याख्या नाही. त्यामुळे घडलेले खटले पाहिल्याशिवाय त्याचा आवाका कळत नाही. २०११ मध्ये साठी ओलांडलेल्या एका आजोबांना चार एसएमएसबद्दल २० वर्षांची शिक्षा झाली. ते संदेश आपण पाठवलेच नाहीत, असं ते शेवटपर्यंत सांगत होते. मे २०१२ मध्ये ते तुरुंगातच वारले. २०१६ मध्ये एका विद्यार्थी कार्यकर्त्याने नव्या राजांबद्दलचा बीबीसीच्या थाई सेवेचा लेख फेसबुकवर शेअर केला. तो लेख हजारो लोकांनी शेअर केला होता, तुरुंगात गेला हा एक. जानेवारी २०२१ मध्ये एका माजी सरकारी कर्मचारी महिलेला ऑडिओ क्लिप शेअर केल्याबद्दल ८७ वर्षांची शिक्षा सुनावली गेली. तिने गुन्हा कबूल केला म्हणून ती निम्मी, म्हणजे साडेत्रेचाळीस वर्षं झाली. २०२३ मध्ये एका तरुणाला पिवळ्या बदकांची चित्रं असलेल्या कॅलेंडरांच्या विक्रीवरून दोन वर्षांची शिक्षा झाली. ती बदकं म्हणजे राजांची थट्टा आहे, असं न्यायालयाने मानलं.

एक खटला मात्र आम्ही मुद्दाम सांगतो, कारण तो व्हॉट्सअॅप वापरणाऱ्या प्रत्येकाला लागू पडतो. घरकाम करणाऱ्या एका बाईंवर २०१६ मध्ये या कलमाखाली आरोप ठेवला गेला. त्यांचा मुलगा राजकीय कार्यकर्ता होता. फेसबुकवरच्या खाजगी चॅटमध्ये समोरच्या माणसाने काही तरी लिहिलं आणि बाईंनी त्याला एका शब्दात ‘हं’ अशा अर्थाचं उत्तर दिलं. बाकी काही नाही. त्यांची निर्दोष सुटका व्हायला २०२० चा डिसेंबर उजाडला. तेव्हा ‘आमचा फॅमिली ग्रुप आहे, बाहेरचं कोणी नाही’ या समजुतीवर विसंबू नका. ‘मराठी कोण वाचणार तिथे?’ यावर तर अजिबात नको. स्क्रीनशॉट आणि भाषांतर, दोन्हीला आता काही सेकंद लागतात.

पर्यटकांवर असे खटले फार क्वचित होतात, हे आम्ही प्रामाणिकपणे सांगतो. तुम्हाला घाबरवून सहल रद्द करायला लावण्यात आम्हाला काय मिळणार? पण परदेशी म्हणून सूट मिळते असंही नाही. डिसेंबर २००६ मध्ये चियांग माईत दारूच्या नशेत राजांच्या चित्रांवर रंग फवारणाऱ्या एका स्विस माणसाला १० वर्षांची शिक्षा झाली. पुढे राजांनी माफी दिली आणि त्याला देशाबाहेर पाठवलं. २०११ मध्ये थायलंडमध्ये जन्मलेल्या एका अमेरिकी नागरिकाला तिथे आल्यावर अटक झाली. त्याने बंदी असलेल्या पुस्तकाचे भाग भाषांतर करून इंटरनेटवर टाकले होते, आणि तेही अमेरिकेत राहत असताना. त्याला अडीच वर्षांची शिक्षा झाली. एप्रिल २०२५ मध्ये फित्सानुलोकच्या विद्यापीठात शिकवणाऱ्या एका अमेरिकी प्राध्यापकांना पकडलं. सरकारी वकिलांनी पुढच्याच महिन्यात खटला न चालवण्याचा निर्णय घेतला, पण प्राध्यापकांना देश सोडावा लागला. म्हणून डोंबिवलीत किंवा साताऱ्यात बसून दोन वर्षांपूर्वी टाकलेली पोस्टसुद्धा तुमच्या सामानात आहे असं समजा.

आपल्याला हे सगळं फार दूरचं वाटायचं कारण नाही. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये पालघरमध्ये काय झालं ते अनेकांना आठवत असेल. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्याबद्दल एका तरुणीने फेसबुकवर लिहिलं आणि मैत्रिणीने ते लाइक केलं. पोलिसांनी दोघींना अटक केली. पुढे तो खटला गुंडाळला गेला, आणि मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या दोघींवर लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६-अ कलमच रद्द केलं. थायलंडमध्ये गाडी उलट दिशेने गेली. २०२३ च्या निवडणुकीत सर्वाधिक जागा जिंकलेल्या मूव्ह फॉरवर्ड पक्षाने कलम ११२ मध्ये दुरुस्तीचं वचन दिलं होतं. ७ ऑगस्ट २०२४ रोजी तिथल्या घटना न्यायालयाने त्या प्रचारावर बोट ठेवून पक्षच बरखास्त केला.

आता तुमच्या प्रवासाबद्दल. निघण्याआधी थायलंडच्या राजघराण्यावरचे विनोद, मीम, व्हिडिओ फोनमधून काढून टाका. ग्रुपवर कोणी टाकलेले असतील तर तेही. अशा विषयावर कधी काही शेअर केलं असेल तर आठवून हटवा. तिथे असताना या विषयावर काहीही लिहू नका, इमोजीही टाकू नका. रस्त्यांवर, चौकांत राजा-राणीची मोठमोठी चित्रं दिसतील. त्यांच्यासमोर वेडेवाकडे हावभाव करून सेल्फी काढू नका, त्या फोटोवर फिल्टर किंवा स्टिकर लावू नका. बाहतच्या नोटांवर राजांचं चित्र असतं, म्हणून नोट उडाली तरी पायाने दाबून धरू नका. सकाळी ८ आणि संध्याकाळी ६ वाजता स्टेशनांत, बागांमध्ये राष्ट्रगीत लागतं, तेव्हा आजूबाजूचे लोक थांबले तर तुम्हीही थांबा. सिनेमाला गेलात तर चित्रपटाआधी राजाच्या सन्मानाचं गीत, म्हणजे राजगीत होतं, तेव्हा उभे राहा. कुठे मोर्चा दिसला तर तीन बोटं उंचावणाऱ्या तरुणांसोबत तीच खूण करून फोटो काढायचा मोह टाळा. ती तिथल्या आंदोलनाची खूण आहे. बँकॉकच्या वाट अरुण या देवळात थाई पोशाख भाड्याने घेऊन फोटो काढतात त्यात काहीच गैर नाही, हौसेने काढा. फक्त राणीची नक्कल करू नका. २०२० च्या एका आंदोलनात तसा पेहराव करून चाललेल्या तरुणीला पुढे दोन वर्षांची शिक्षा झाली.

आणि आमची सगळ्यात कळकळीची विनंती: गाइडला, ड्रायव्हरला किंवा हॉटेलातल्या मुलीला राजांबद्दल मत विचारू नका. आपल्या लोकांना गप्पा मारायला आवडतं, बसमध्ये तिसऱ्या दिवशी गाइड घरचाच होतो आणि कोणी तरी काका मोकळेपणाने विचारतात, ‘काय हो, तुमचा राजा कसा आहे?’ वर कोणी त्याचं उत्तर मोबाइलवर टिपत असतं. तुम्ही पाच दिवसांनी घरी परत येणार, तो तिथेच राहणार. त्या क्लिपमध्ये त्याचा चेहरा असतो, आवाज असतो, आणि ती कोणाच्या फोनपर्यंत पोहोचेल हे तुमच्या हातात उरत नाही. तो हसून विषय बदलेल तेव्हा त्याला बदलू द्या. त्याचा व्हिडिओ टाकायचा असेल तर आधी त्याची परवानगी घ्या आणि देवळाबद्दल, जेवणाबद्दल बोलतानाचाच टाका. बऱ्याच थाई घरांत राजाबद्दल मनापासून आदर असतो, काहींना या कायद्याचं भय वाटतं. आपण पाहुणे आहोत, आपल्या कुतूहलापायी कोणालाही अडचणीत आणायचं नाही.

एवढं करूनही पोलिसांनी कधी थांबवलंच, तर वाद घालू नका, त्यांच्यासमोर फोनमधलं काही पुसायला जाऊ नका आणि न समजणाऱ्या थाई कागदावर सही करू नका. दुभाषी मागा. पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५ आहे. अटक झाल्यास भारतीय दूतावासाला कळवा असं सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे. बँकॉकमधला दूतावास सुखुमवित रस्त्याच्या सोई (म्हणजे गल्ली) २३ वर आहे. दूतावास तुम्हाला भेटू शकतो, वकिलांची यादी देऊ शकतो, घरी निरोप पोहोचवू शकतो. खटला थांबवणं त्याच्या हातात नसतं. व्हाउचरच्या मागे आमचा नंबर आहे, तो रात्री-अपरात्रीही उचलला जातो.

या पत्रकाची एक प्रत घरी राहणाऱ्यांना द्या. बँकॉकच्या तुमच्या फोटोखाली मित्रमंडळी काय लिहितील याचा नेम नसतो. सहलीच्या दिवसांपुरतं फेसबुकवरचं टॅगिंग आणि अनोळखी लोकांच्या कमेंट बंद ठेवा. ते कसं करायचं हे माहीत नसेल तर पासपोर्ट घ्यायला ऑफिसात याल तेव्हा फोन सोबत आणा, आम्ही करून देऊ.