फळबाग व भाजीपाला लागवडीतील डिजिटल नकाशे

माती, पाणी, झाडांची वाढ आणि रोग-किडी यांच्या नोंदी अक्षांश-रेखांशांशी जोडून संगणकावर नकाशारूपात मांडायच्या आणि त्यावरून पाणी, खते, छाटणी व फवारणी ठरवायची, अशी ही पद्धत आहे. भौगोलिक माहिती प्रणालीत हे नकाशे थरांसारखे एकावर एक ठेवून पाहता येतात. अमेरिकेने मे 2000 मध्ये नागरी जीपीएसची अचूकता मुद्दाम घटवणे थांबवले आणि शेतातल्या नेमक्या जागा टिपणे सोपे झाले.

फळबागेत हिशेब एकरी नव्हे, झाडागणिक होतो. सेंटिनेल-2 उपग्रहाच्या चित्रातला सर्वांत बारीक ठिपका 10 × 10 मीटरचा असतो. 5 × 5 मीटरवर लावलेल्या बागेत त्यात चार झाडे आणि मधले गवतही येते. त्यामुळे एकेक झाड पाहायचे तर ड्रोन किंवा याहून बारीक चित्रे देणारा उपग्रह लागतो. निरोगी पान लाल प्रकाश शोषते आणि डोळ्यांना न दिसणारे निकट-अवरक्त किरण परत फेकते. या दोन परावर्तनांच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागले की एनडीव्हीआय हा हिरवेपणाचा निर्देशांक मिळतो. तो घसरला तर बिघाड कुठे ते कळते, कशामुळे ते नाही. नुकती छाटलेली ओळ आणि मूळकूज लागलेली ओळ चित्रात सारखीच फिकी दिसू शकते. बांधावर जाऊन मुळे उकरून पाहण्याला पर्याय नाही.

उंचसखलपणाचा नकाशा त्या मानाने दुर्लक्षित, पण लागवडीपूर्वी सर्वांत उपयोगी. थंड हवा जड असल्याने सखल भागात साचते आणि दहिवराचा पहिला फटका तिथल्या झाडांना बसतो. ठिबकची नळी उंचीने 10 मीटर खाली उतरली की दाब सुमारे 1 बारने वाढतो. दाब नियंत्रित करणारे ड्रिपर नसतील तर खालची झाडे जास्त पाणी पितात.

मातीच्या नकाशात सामू (आम्ल-विम्लता) व विद्युतवाहकता (क्षारांचा अंदाज देणारे माप) मोजक्या ठिकाणी तपासून मधल्या जागांचे आकडे गणिताने भरतात. नमुने फार लांब लांबून घेतले तर नकाशा देखणा होतो, पण भरवशाचा राहत नाही.

पालेभाज्या महिना-दीड महिन्यात निघतात; तेवढ्यात ढगांमुळे उपग्रहाची चित्रे हुकू शकतात. भाजीपाल्यात खरी मदत होते ती मागील हंगामांच्या नकाशांची: टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा एकाच कुळातील असल्याने त्यांना बरेच रोग सारखेच लागतात, म्हणून कोणत्या वाफ्यात मर (झाड सुकवणारा रोग) किंवा सूत्रकृमी (मुळांवरचे सूक्ष्म कृमी) होते हे पाहून पिकांची फेरपालट ठरवतात. धान्याच्या कापणी यंत्रावर मापक बसवला तर उत्पादन आपोआप नोंदता येते. हाताने तोडलेल्या मालाची तशी सोय नसल्याने क्रेटवर ओळीचा क्रमांक लावून वजन नोंदवतात.