अफूवर्गीय औषधे आणि हृदयसंरक्षण

मॉर्फीन, फेन्टानिल, रेमिफेन्टानिल ही औषधे वेदना शमवण्यासाठी वापरतात. रक्तपुरवठा खंडित झालेल्या हृदयस्नायूची हानीही ती कमी करू शकतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांतून दिसले आहे. यातले मॉर्फीन अफूपासून मिळते, आणि अफूशी इंदूरचे नाते जुने आहे. होळकरांच्या काळात इंदूर ही माळवी अफूची मोठी पेठ होती आणि इथला माल मुंबईमार्गे चीनला जाई. आजही मंदसौर-नीमच भागातले परवानाधारक शेतकरी खसखशीच्या हिरव्या बोंडांना चिरा देतात, रात्रभर पाझरून तपकिरी झालेला चीक सकाळी खरवडतात आणि सरकारजमा करतात. परवान्यांचा कारभार पाहणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोचे मुख्यालय ग्वाल्हेरला आहे.

हृदयसंरक्षणाच्या संशोधनाची पायाभरणी १९८६ मध्ये झाली. मरी, जेनिंग्ज व रायमर यांनी कुत्र्यांच्या हृदयाची एक धमनी ५-५ मिनिटे चार वेळा बंद करून उघडली व नंतर सलग ४० मिनिटे बंद ठेवली. मृत स्नायूचे प्रमाण एरवीच्या चौथाईवर आले. धमनी ३ तास बंद ठेवल्यावर मात्र हा लाभ उरला नाही. थोडा थोडा वेळ रक्त अडवून हृदयाला आधीच तयार करण्याच्या या ‘पूर्वानुकूलना’ने पेशींना उसंत मिळते, अभय मिळत नाही, पुढचे सारे याच मर्यादेत वाचावे. १९९५ मध्ये गॅरेट ग्रॉस यांच्या प्रयोगशाळेत उंदरांना अफूविरोधी नॅलॉक्सोन दिले, तेव्हा पूर्वानुकूलनाचा लाभच नाहीसा झाला. शरीरात तयार होणारी एन्केफॅलिनसारखी अफूसदृश द्रव्ये या बचावात सहभागी असल्याचा तो पुरावा होता. पुढच्याच वर्षी नुसत्या मॉर्फीननेही तसाच परिणाम साधला.

गंमत अशी की, पेशींना मोठा धक्का बसतो तो रक्त परत सुरू होताना. कॅल्शियम व मुक्त मूलके (पेशींना इजा करणारे अतिक्रियाशील रेणू) यांच्या लोंढ्याने तंतुकणिकांच्या (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या घटकांच्या, मायटोकॉन्ड्रियांच्या) पटलातली रंध्रे उघडतात, तंतुकणिका फुगतात, ऊर्जानिर्मिती थांबते आणि पेशी मरते. औषध पेशीवरच्या डेल्टा ग्राहींना (अफूसदृश द्रव्ये ओळखणाऱ्या रिसेप्टरांना) चिकटले की प्रोटीन कायनेज सी हे विकर आणि पोटॅशियम मार्गांतून संदेश जातो व ही रंध्रे सहजी उघडत नाहीत.

माणसांत चित्र इतके स्वच्छ नाही. हृदयशस्त्रक्रियेच्या लहान चाचण्यांत रेमिफेन्टानिलमुळे रक्तातले ट्रोपोनिन (हृदयस्नायूला इजा झाली की रक्तात येणारे प्रथिन) कमी आढळले. पण हृदयविकाराच्या झटक्यात मॉर्फीनने जीव वाचतात हे सिद्ध झालेले नाही. नीमचचा रुग्ण इंदूरला आणायचा तर अडीचशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता आहे. तेवढ्या वेळात पूर्वानुकूलनाची उसंत संपून जाते. धमनी लवकर उघडणे हाच खरा उपचार, आणि मॉर्फीनला त्याची जागा घेता येत नाही.

घरची अफू खाल्ल्याने हृदय सांभाळले जाते, हा निष्कर्ष तर धोक्याचा आहे. इराणच्या गोलेस्तान प्रांतात सुमारे ५०,००० लोकांचा पाठपुरावा केला, त्यात अफू घेणाऱ्यांमध्ये हृदयविकारासह एकूण मृत्यूंचे प्रमाण जास्त निघाले (२०१२).

आणखी एक अडचण पोटाची. मॉर्फीन जठराची हालचाल मंदावते, त्यामुळे टिकाग्रेलॉरसारखी रक्त गोठू न देणारी गोळी उशिरा शोषली जाते, नेमकी ती तातडीने हवी असते तेव्हा. २०१७ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी म्हणूनच मॉर्फीनची शिफारस एक पायरी खाली आणली. वेदना असह्य असतील तर मॉर्फीन आजही देतात; अशा वेळी टिकाग्रेलॉर कुटून दिल्यास शोषण लवकर होते.